बोटीतून उठता येत नाही

१२ जानेवारी

ठरलं! बाबांना बोटीत बसवायचं.

हैदराबादच्या तळ्यात तासभर फिरवते ती बोट. एकदा काठ सुटला की कोणालाच उतरता येत नाही — बाबांनाही नाही! बाबांची रीत साऱ्या भीमपूरला माहीत आहे. बैठकीत मनाविरुद्ध शब्द निघाला की खांद्यावरचा रुमाल झटकतात, पुन्हा खांद्यावर टाकतात अन् उठतात. संपलं. पूनमताईची दोन स्थळं अशीच गेली, ती अजून घरीच आहे. आता माझी पाळी. माझा अनुप आपल्या जातीचा नाही. हे ऐकल्यावर तर बाबा हातातला चहासुद्धा पुरा करणार नाहीत. पण बोटीत अनुप अन् त्याचे आईवडील आधीच असतील; तासभर समोरासमोर बसले, पोरगा पाहिला, त्याच्या आईवडिलांशी बोलले, तर नरमतील. नक्की नरमतील.

१४ जानेवारी

संक्रांत. मी बाबांच्या पाया पडली अन् तिथंच सांगून टाकलं — सुट्टी संपली की माझी हैदराबादची खोली पाहायला या, बोटीत फिरू.

"बोटीत काऊन? पैनगंगेत डोंगा हाय ना आपला!"

पण खुश झाले. माझ्या तोंडात तीळगूळ अन् पोटात खोटं. शी!

१७ जानेवारी

अनुपचा फोन. त्याच्या आईला सूर्य बुडतानाचीच फेरी पाहिजे, फोटो चांगले येतात म्हणे. मी विचारलं, बाबांना आधी सांगू का? "वेडी का? मग ते येतीलच कशाला!"

हे तर मीच म्हणत होती. त्याच्या तोंडून ऐकलं अन् कसंतरीच झालं.

१८ जानेवारी

आईला सांगितलं. कणीक मळता मळता थांबली. "बापाले कोंडून राह्यली का तू? कोंबडीवाणी?"

रडूच आलं मला. मग म्हणे, "पाण्यात त्याईले मळमळते. लिंबू ठेवजो जवळ."

२४ जानेवारी

बसमध्ये बाबा खिडकीशी. इचोडा गेलं, नेरडीगोंडा गेलं. मग एकदम — "त्या पोराचं नाव काय?"

आईनंच सांगितलं असणार.

"बोटीतून उठता येत नाई, म्हणून नेऊन राह्यली ना मले?"

मी हो म्हटलं.

"नाई उठत. पूनमच्या वक्ताले उठलो, ते अजून टोचते. तुयासाठी बसतो."

लाज वाटते. अन् आनंदही होतो, मेला! झोप काही येणार नाही.

२५ जानेवारी

बाबा बसले. शब्दाला जागले.

अनुपचे वडील हसत हसत म्हणाले, "लग्नाला तुम्ही नवराबायकोच या. गावची माणसं नकोत, आमच्याकडे मोठे लोक येतात. अन् हे धोतर नको हं, कपडे आम्ही देऊ." बाबांचा हात रुमालाकडे गेला. त्यांनी तो खांद्यावरून काढला अन् मांडीखाली दाबून ठेवला. "बरं," म्हणाले.

मी अनुपकडे पाहिलं. तो स्वतःच्या आईचे फोटो काढत होता.

बोट तळ्याच्या मधोमध होती. मी बाबांच्या मांडीखालून रुमाल ओढला, झटकला, माझ्या खांद्यावर टाकला अन् उठली.