झुंबरमावशीचा आवाज

१२ नोव्हेंबर २०१७, पुणे
आल्हादनं माझ्या मोबाइलमधलं ते रेकॉर्डिंग ऐकलं! मी गिटार ट्यून करत होतो, मोबाइल उघडाच होता. कोण ही बाई, म्हणाला. गावाकडची, शेजारची — एवढंच सांगितलं.

दिवाळीत झुंबरमावशी कापूस वेचताना एकटीच गात होती. तिच्या मुलासाठी, सुदामसाठी — तो सप्टेंबरात गेला. मी तुरीआड बसून टिपलं. तिला विचारलंही नाही.

बँड आल्हादचा, तो गातो. मी लीड गिटारवाला. त्याला या आवाजावर गाणं करायचंय. मी हो म्हणालो. लगेच.

१९ नोव्हेंबर
गाणं जमलं. आधी तिचा आवाज एकटा, मग माझी गिटार.

"भर दुपारी धाडलं रे, गुलाबरावाच्या वावरात, तोंडाले फडकं नाही रे माह्या राजा..."

बोंडअळीवर फवारताना सुदामला विष चढलं. पण मावशीनं पोलिसांना सांगितलंय की तो घरीच चक्कर येऊन पडला. गुलाबरावांकडंच तिची मजुरी ना! हे आल्हादला सांगितलं का? नाही. नावाची ओळ काढू, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, लोक तिथंच तर गप्प होतील.
मीच गप्प झालो.

२६ नोव्हेंबर
काल कार्यक्रमात हे गाणं वाजवलं, लोक रडले. माझ्या सोलोनंतर उभं राहून टाळ्या. गार्गी — आमची ड्रमर — म्हणाली, आज वेगळंच वाजवलंस. झोपेपर्यंत खूश होतो. लाज त्याचीच वाटते.

९ डिसेंबर
मलकापूरचं बोलावणं. कापूस व्यापाऱ्यांचा मेळावा. पत्रिकेत प्रमुख पाहुणे — गुलाबराव!

आल्हादला म्हटलं, तिथं हे गाणं नको. का, तर तिकडच्यांना रॉक कळत नाही! स्वतःच्या माणसांबद्दल असं बोललो, पण खरं कारण तोंडातून निघालं नाही. तो हसला, विषय संपला.

१७ डिसेंबर, मलकापूर
अम्मी हौसेनं एसटीनं आली. सोबत झुंबरमावशी.

शेवटचं गाणं तेच. स्पीकरमधून तिचा आवाज निघाला तशा गावच्या बायका वळून तिच्याकडं बघायला लागल्या. पहिल्या रांगेत गुलाबराव, मांडीवर हार. नावाची ओळ आली. लॅपटॉप माझ्या पायाशीच होता, बंद करता आला असता.
मी सोलो घेतला. मान खाली घालून, पूर्ण.

१९ डिसेंबर, गाव
गुलाबरावांच्या मुकादमानं मावशीला आज वावरातून परत पाठवलं. अम्मी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, उठून जाते.

संध्याकाळी मावशीकडं गेलो. माफी मागायची होती. तीच बोलली.

"मले इचारलं असतं तं नाहीच म्हटलं असतं म्या."

मग म्हणाली, सुदामबद्दल खोटं बोलले, आता समद्या गावानं खरं ऐकलं, तर ठाण्यातही खरंच सांगून येते.

"पन थे म्हनतीन, काम गेलं म्हनून बाई उलटली. हे गानं दिवाळीतलं हाये, तू सांगशीन. शुक्रवारी येशीन ना?"

"हाव," म्हटलं. तिनं चहा ठेवला. मी प्यालो.

२१ डिसेंबर
आल्हादचा फोन. उद्या मुंबईत मोठा कार्यक्रम, दुसऱ्या बँडनं ऐनवेळी नाही म्हटलं. असा चान्स पुन्हा नाही, म्हणाला. उद्या शुक्रवार.

सकाळभर गिटारला हात लावला नाही. दुपारी ती बॅगेत भरली. नांदुरा स्टेशनला मागच्या रस्त्यानं गेलो, मावशीच्या दारावरून जायला नको म्हणून.

२२ डिसेंबर, मुंबई
अम्मीनं कळवलं. ठाण्याच्या पायरीवर दुपारपर्यंत माझी वाट बघून मावशी एकटीच आत गेली.
संध्याकाळी तिच्या आवाजामागून मी वाजवलं. एकही सूर चुकला नाही.