सहा बटणं

सूनबाई,

पोरीला माझ्या तोंडापासून लांब नेलंस, बरं केलंस. "हिच्या अंगात भिंगरी आहे, हिच्यानं काही तडीला जायचं नाही," असं मी तिच्यादेखत उठता-बसता म्हणायचे, ते तू ऐकलंस. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही.

एकदा तू कामावर गेली होतीस. पोर आपणहून माझ्या मशीनपाशी आली आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बटणं लावायला बसली. चार वेळा उठली, मांजरामागे धावली, दोरा हरवून आली. पण सहाही बटणं लावली. "आजी, बघ ना!" म्हणाली. मी नुसतं "हं" केलं. ती बाहेर पळाल्यावर सगळी बटणं उसवली आणि पुन्हा लावायला घेतली. वाकडी नव्हती गं. टाके जरा जाड होते, इतकंच. माझ्या हाताला दुसऱ्याचं काम खपत नाही.

मान वर केली, तर ती दारात उभी.

रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं."

आठ वर्षांच्या जिवाला हे वाटायला मी शिकवलं. पुढे तू विचारलंस, ही सुईला हात का लावत नाही? मी म्हणाले, कंटाळली असेल.

आता तिला कळवावं म्हटलं, की तुझी बटणं चांगली होती. पण माझ्या तोंडून आलेलं चांगलं ती खरं कसं मानेल? म्हणून हा कागद टपालात टाकत नाही.

तुझी तोंडाळ सासू