खाली यंत्र, वर हात

४ जानेवारी

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतचं नळकांडं उघडण्याआधी हे पत्र आईकडून वाचून घ्या, नाहीतर कॅनव्हास हाताला लागताच तुमचा पारा चढायचा.

तुमच्या जुन्या वह्यांमधली पेन्सिलची चित्रं मी स्कॅन करून ठेवली होती. त्यातलं न्हाव्याचं दुकान मोठं करून माझ्या दुकानातल्या छपाईच्या मशीनवर छापलं आहे. नुसत्या रेषा, करड्या. वर पारदर्शक अस्तराचा एक हात दिला आहे, म्हणजे तुमचं तेल छपाई खाणार नाही. त्यावर तुम्ही तुमच्या तैलरंगांत चित्र करायचं. खाली यंत्र, वर हात. डॉक्टर म्हणाले ना, नजरेच्या मधलं गेलं, कडेचं राहील? मग रेषा शोधायची कटकट मशीनवर सोडा.

वर्षभर तुम्ही ब्रश धरलेला नाही. आई सांगते, जेवायला बसता तेव्हाही तोंडातून शब्द नाही. तुम्ही आणि गप्प! इथल्या गॅलरीवाल्या बाई एप्रिलअखेर तुमची चित्रं लावायला तयार आहेत. मी शब्द देऊन बसले आहे, तेव्हा माझं नाक आता तुमच्या हातात.

राग आला तर पत्रातून काढा, लोभात मात्र कपात नको.

आपली,
छबू

१९ जानेवारी

चि. छबूस, अनेक आशीर्वाद.

अक्षर आईचं, शब्द माझे. मधेमधे ती स्वतःचं काही घुसडते का, यावर माझं लक्ष आहे.

उभा जन्म शाळेत पोरांना चित्रकला शिकवली आणि म्हातारपणी लेकीनं रंग भरायची वही हातात दिली. रंग रेषेबाहेर गेला तर छडी मारणार आहेस का? रागानं ते नळकांडं कपाटामागे टाकून दिलं होतं. मग नुसता वास घ्यावा म्हणून जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि फसलो. न्हाव्याची खुर्ची झाली आहे. आरसा उद्या.

तुझं मशीन मात्र रेषा फार चिक्कूपणे काढतं. शाई काय तोळ्यावर मिळते? पुढचे कॅनव्हास गडद छाप. वहीतले शिंपी आणि पूल आधी पाठव.

आई म्हणते तब्येत सांभाळ. मी म्हणतो मशीन सांभाळ, पोट त्याच्यावर आहे.

अण्णा

८ मार्च

चि. छबूस, आशीर्वाद.

हे पत्र माझं एकटीचं. हे अंघोळीला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते.

तू रेषा गडद करून पाठवल्यास, मग आणखी गडद केल्यास. आता तर त्या दुकानाच्या पाटीसारख्या ठळक आहेत, तरी यांचं आपलं 'फिकट, फिकट' चालूच. छबू, रेषा फिकट नाहीत ग. यांना काहीच दिसत नाही. कडेचंसुद्धा गेलं. परवा मला म्हणाले, दिवा लाव. भर दुपार होती.

कॅनव्हासची कड चाचपतात, वितीनं मोजतात आणि सुरू करतात. रंगाच्या नळ्या मी ठरलेल्या क्रमानं मांडून देते. रंग दाट थापतात, कारण दाट असला की बोटाला कळतो. शिंप्याचं डोकं खिडकीत गेलंय आणि खिडकी भलतीकडेच. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण हे बरोबर नाही एवढं कळतं. तरी मी 'छान' म्हणते. कारण आता हे पोटभर जेवतात, आमटीत मीठ कमी म्हणून भांडतात, काम करताना शीळ घालतात. माझा माणूस मला परत मिळालाय ग.

तुला कळलं तर तू प्रदर्शन रद्द करशील, म्हणून यांनी मला शपथ घातली होती. ती मोडून लिहिते आहे. काय करायचं ते तू ठरव, पण प्रदर्शन मोडू नकोस. ते मोडलं तर हे मोडतील.

तुझी,
आई

६ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे मोठ्यानं वाचू नकोस.

चित्रं पोचली. एकेक उघडून भिंतीला लावलं. शिंप्याला चेहराच नाही. पुलाखाली पाणी हवं तिथं तपकिरी रंगाचा ढीग. अण्णांचा हात कसा चालायचा हे मला माहीत आहे, म्हणून जास्तच लागलं. ही लावली तर लोक हसणार नाहीत, कीव करतील. अण्णांची कीव केलेली मला बघवायची नाही.

तेव्हा मी काय केलं ते ऐक. प्रत्येक चित्राचा फोटो काढला. रंग त्यांचेच घेतले आणि कॉम्प्युटरवर त्यांच्या जुन्या चित्रांशी जुळवून सगळं जागच्या जागी आणलं. मग कोऱ्या कॅनव्हासवर पूर्ण रंगीत छापलं. छापील आहे हे ओळखू येऊ नये म्हणून वर पारदर्शक जेल ब्रशनं लावलं, एकेका आकाराच्या कडेनं, फटकाऱ्यांवर फटकारे देत. वाळल्यावर हुबेहूब तैलचित्र दिसतं. खाली अण्णांचं नाव. बाईंना जराही शंका आली नाही.

खरी चित्रं गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर ठेवली आहेत. इथं पाय ठेवायला जागा नाही. तू अण्णांना एवढंच सांग की चित्रं लागणार. पाप असेल तर माझ्या माथी.

तुझ्या मायेत खंड नसावा.

छबू

२ मे

चि. छबूस, अनेक आशीर्वाद.

प्रदर्शनात शिंप्यासमोर लोक थांबत होते, हे तुझ्या पत्रातलं वाक्य आईला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. शेवटी ती वैतागून म्हणाली की मला आता ते पाठ आहे, कागद ठेवते.

खरं सांगतो, मला खात्री नव्हती. जमलं की नाही, कुणाला विचारणार? तुझी आई तर भाजी करपली तरी छान म्हणणारी. आता धीर आला. नवे कॅनव्हास पाठव. रेषा नसल्या तरी चालतील.

बाईंना माझे आभार सांग आणि तू स्वतः थोडी झोप घेत जा.

अण्णा

१७ मे

चि. छबूस, आशीर्वाद.

तुझ्या गॅलरीवाल्या बाई फार भल्या. प्रदर्शन संपल्यावर उरलेली चित्रं त्यांनी परभारे चित्रकाराच्या पत्त्यावर, म्हणजे इथं पाठवून दिली. वर शिंप्याच्या चित्राला स्वतःकडून सुंदर चौकट, भेट म्हणून.

मी बाहेर गेले होते. परत आले तर यांनी शेजाऱ्यांकडून खोकं उघडून घेतलेलं, आणि शिंप्याला मांडीवर घेऊन बसलेले. वितीनं मोजलं. मग बोटं फिरवली. थांबले, पुन्हा फिरवली. मला म्हणाले, हा छबूचा हात आहे. कड आली की ती मनगट उलटं वळवते. लहानपणी किती सांगितलं, शेवटपर्यंत सुटलं नाही. मग विचारलं, माझी कुठं आहेत? माझ्यानं खोटं बोलवलं नाही.

खालचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण वाचता येतं. मी एक अक्षर बदललेलं नाही.

आई

छबू, माझी चित्रं परत पाठव. वाईट असणार, मला ठाऊक आहे. आंधळा झालो, खुळा नाही. वाईट असली तरी माझी आहेत. अण्णा

३० मे

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, हे सगळं मोठ्यानं वाच. एक ओळ गाळू नकोस.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी माळ्यावर चढले. अण्णा, माझ्या मशीनमधून निघालेलं चित्र हातात येईपर्यंत वाळलेलं असतं. ते एकावर एक ठेवायचं आणि घट्ट गुंडाळायचं, ही इतक्या वर्षांची हाताला सवय. तुमची चित्रंही मी तशीच गुंडाळली. तुमचा दाट रंग वरून सुकला होता, आत ओला होता. वर पत्रा, उन्हाळा. सगळी एकमेकांना चिकटून बसली आहेत. उलगडायला गेले तर शिंपी सोलून निघाला, पुलाच्या कॅनव्हासच्या पाठीला चिकटून. मी तिथंच हात थांबवला. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे गुंडाळी नेली. त्यांनी दाबून पाहिली आणि आता काही सुटणार नाही म्हणाले.

तैलरंग आतून वाळायला महिनोन् महिने वारा लागतो, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी विसरले, कारण तेव्हा माझ्या लेखी ती चित्रं नव्हती, फोटो काढून झालेला माल होता. हे लिहितानाही लाज वाटते. तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं, अण्णा, हीच लावू का? तुम्ही हो म्हणाला असता तर लावायला हवी होती, लोक काही का म्हणेनात.

गुंडाळी आहे तशी पाठवू का? तुम्ही सांगाल तसं.

क्षमा मागण्याचं तोंड नाही, तरी मागते.

छबू

१२ जून

चि. छबूस,

सगळं वाचून दाखवलं, न गाळता. गुंडाळीचं यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, शिंपी पूर्ण गेला की थोडा राहिला? मी म्हटलं, तिनं तसं लिहिलं नाही.

त्यानंतर उठून त्यांनी सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, पुसले आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, कुणाला उपयोग होत असेल तर दे. गुंडाळी पाठवू नको म्हणून कळव.

तुझा राग आलाय का, असं मी विचारलं. म्हणाले, राग कसला? तिला ती दाखवण्यासारखी वाटली नाहीत, इतकंच. ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला रडू आवरेना. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चूक एकट्या तुझी नाही. 'छान' म्हणत मीच त्यांना तिथवर नेलं. आता मी काहीही छान म्हटलं की ते मान फिरवतात. काल खीर केली होती, तीही तशीच राहिली.

तू ये. त्यांनी बोलावलेलं नाही, मी बोलावते आहे.

आशीर्वाद माझे. त्यांच्या वतीनं लिहायचा धीर झाला नाही.

आई