पहिल्या हाकेले ओ

३ जानेवारी
आली बाई एकदाची भिलाईले! मरोदा सेक्टरातलं क्वार्टर, अंगणात शेवगा, खोलीत मस्त ऊन. काम म्हंजे देवीदासकाकांची सेवा. काका स्टील प्लांटातून रिटायर. भट्टीजवळ ओरडू ओरडू गळा गेला, आता आवाज नाही, निसती हवा. त्यांच्या सुनेनं, साधनाताईनं, एकच बजावलं. काकांनी तीनदा हाक मारल्याबिगर ओ देऊ नको म्हणे. मले हासूच आलं. म्हटलं, अवो ताई, आपण जयभीमवाले, अन् हे मानता?
संध्याकाळी संघूले फोन केला. सात वर्षांची पोरगी माही, गोंदियाले माह्या मायजवळ. माहा आवाज आयकल्याबिगर घास घेत नाही. जम बसला की तिले इथंच आणीन.

६ जानेवारी
काकांचा आवाज मोठा मऊ. गरम दुधावर फुंकर मारावी तसा. रुक्मा म्हणतात तर नाव कानाले नाही, गालाले लागते. आज पहिल्याच हाकेले ओ दिली. दिवसभर उठबस करून कंबर गेली, हाका कोण मोजत बसते? काकांनी पाणीबी मांगितलं नाही. हासले फक्त.

११ जानेवारी
गळा बसला. प्लांटाची धूळ असंल. हळद-दूध घेतलं. काका आज चांगले खणखणीत बोलले, तर साधनाताई खुश व्हायच्या सोडून रडत बसल्या. माह्या आधीची शकुबाई कावून गेली, विचारलं. म्हणे, तीबी शेवटी निसती फुंकत होती.

१४ जानेवारी
लय थकली. तोंड उघडलं की हवाच निंघते. संघू फोनवर म्हणे, कोण आहे, माही आई दे. उपाशीच झोपली पोरगी.

१५ जानेवारी
दुपारी काका बाईच्या आवाजात बोलून राहिले. माह्या आवाजात. जेवली का वो माही बाई — हे तर मी संघूले —

१६ जानेवारी
पिशवी भरली. फोन सापडून नाही राहिला —

फोन काकांजवळ. त्यांनी दरवाजा आतून लावला. स्पीकरवर संघू खुदुखुदू हासून राहिली. किती दिवसांनी हासली माही पोरगी —
तो माह्या आवाजात सांगून राहिला, जेव बाई, आता मी तुले हाक मारते —
दरवाजा बडवला. ओरडली. संघू, ओ देऊ नको — निसती हवा —
त्यानं हाक मारली. एकदाच.
अन् तिकडून माही संघू