टोपणावरचा डाग

प्रिय बाबा,

हे पत्र दादा तुम्हाला वाचून दाखवत असेल, म्हणून अक्षर मोठं काढलंय. दादा, घाई करू नकोस, आणि आधी चष्मा लाव. चष्म्याने कुणी म्हातारं होत नाही.

बाबा, तुमचा खोकला कसा आहे? दादा आणि मी शेडमध्ये बांधतोय त्या विमानाचा खोकलाही सापडला. तुम्ही शेडमध्ये राहून गेलात तेव्हा इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. तुम्ही त्याला हात लावायला बिचकत होतात. शेडचं छप्पर मात्र आल्या आल्या तपासलंत आणि असे खिळे कोण ठोकतं म्हणून रखवालदाराला फैलावर घेतलंत. तो अजून तुमची आठवण काढतो, प्रेमाने नाही. तुम्ही गेल्यावर आम्ही इंजिन चालू केलं. दादाने पंखा फिरवला आणि पहिल्याच झटक्याला ते असं गुरगुरलं की आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. थोडा वेळ छान चाललं. मग घशात काही अडकल्यासारखं ठसकायला लागलं, धापा टाकल्या आणि बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. जमिनीवर इंजिन बंद पडलं तर माणूस शिव्या घालतो. वर पडलं तर शिव्या घालायलाही उरत नाही. खोकला सापडेपर्यंत विमान वर जाणार नव्हतं, आणि दादाने तर तुम्हाला शेजारी बसवून न्यायचं कबूल केलेलं.

मी शिकले होते तसं एकेक कारण बाजूला काढत गेले. या इंजिनाला ठिणगीच्या दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक बंद करून दुसरीवर चालवलं, मग उलट. दोन्हींवर तसंच ठसकायचं. म्हणजे ठिणगी ठीक, पेट्रोल कमी पडतंय. प्लग काढून बघितले तर टोकं पांढुरकी, उपाशी माणसाच्या जिभेसारखी. पण टाकीचं टोपण काढून पाहावं तर आत पेट्रोल भरपूर. आणि गंमत म्हणजे, असं उघडून बघितलं की पुढचा थोडा वेळ इंजिन पुन्हा गुणी बाळ. दादा म्हणाला, हे तुझ्यावर गेलंय मास्तरीण, कुणी विचारपूस केली की सरळ चालतं.

अशातच उड्डाणाची परवानगी देणारे तपासनीस आले. त्यांच्यासमोरही ते ठसकलं. त्यांनी सहज विचारलं, पेट्रोलची नळी कुणी बसवली? मी म्हटलं, भावाने. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला भीती वाटली की ते मला कच्ची समजतील, म्हणून मीच पुढे म्हणाले, तो शिकलेला नाही हो, मी सगळं पुन्हा तपासून घेते. दादा पंखाखाली चाकाशी बसला होता. त्याने मान खाली घातली, चिंधीने एकेक बोट पुसलं, पाना जागेवर ठेवला आणि म्हणाला, तपासा, नीट तपासा बाईसाहेब. संध्याकाळी तो तुमच्याकडे निघून आला. तुम्हाला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

मी तपासलं, बाबा. त्याने बसवलेली नळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत उघडली. गाळणी काढली, प्रत्येक जोड सोडवला. आणि लिहायला लाज वाटते, पण एक तरी जोड सैल निघावा असं मला मनातून वाटत होतं. निघाला असता तर मी जे बोलले ते खरं ठरलं असतं. एकही निघाला नाही. सगळं होतं तसं जोडताना माझ्याच्याने त्याच्याइतकं नीट झालं नाही.

परवा इंजिन पुन्हा बंद पडलं, तेव्हा मी एकटीच होते आणि शेडमध्ये शांत होतं. टोपण फिरवलं आणि ‘सुस्स’ असा आवाज आला. टाकी हवा आत ओढून घेत होती. पेट्रोल खाली जायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी टोपणाला एक बारीक भोक असतं. मी टोपणावर बोट फिरवलं, भिंग लावून बघितलं. भोक सापडेना. आणि मग तुमचा आवाज आठवला. तुम्ही इथे होतात तेव्हा मी विमानातल्या बैठकीखाली डोकं घालून तारा ओढत होते आणि तुम्ही मागून म्हणालात, बाई, या टोपणाला भोक पडलंय गं. मी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, मग बुजवा ना, बाबा.

टोपण घेऊन तुम्ही किती खुशीत बाहेर गेला होतात! विमानावरचं पहिलंच काम तुम्हाला मिळालं होतं. गळकं भांडं, गळका डबा, भोक दिसलं की कथलाचा डाग देऊन बुजवायचं. त्यावर तर आपलं घर उभं राहिलं. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही विचारलंत, आणि जिला ठाऊक होतं तिने मान वळवली नाही. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं, डाग देतात. सगळा वर्ग हसला. मी रडत घरी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, सांग त्यांना, लोकांचे डाग दिसतात, माझे दिसत नाहीत. खरंच दिसत नाही, बाबा. जो दिसतो तो मी लावलेला आहे, दादाला, आणि तो घासून जात नाही.

इथून पुढचं दादासाठी आहे, पण तुम्ही उठू नका. दादा, तू फोन उचलत नाहीस. तुझ्या नावाने पाठवलं असतं तर पाकीट फळीवर पडून राहिलं असतं. बाबांचं काम मात्र तू कधी अर्ध्यावर सोडलेलं नाहीस. आपल्या दोघांतलं एकच शाळेत जाऊ शकत होतं, तेव्हा तू म्हणालास, मला फळ्यापेक्षा पत्रा बरा. मग मी पत्र्यावर खडूने तुला अक्षरं शिकवली, आणि परक्या माणसासमोर तेच तुझं उणं म्हणून काढलं. कानात माफी मागणं सोपं होतं. पण मी बोलले ते चारचौघांत, म्हणून हे बाबांसमोर, आणि तुझ्याच तोंडून: माझ्या भावाचा एकही जोड सैल नव्हता. हे मी तपासनीसांनाही फोन करून सांगितलंय. मोठ्याने वाच. बाबा, तो पुटपुटला तर पुन्हा वाचायला लावा. टोपण मी तसंच ठेवलंय. भोक तू पाडायचंस. आणि येताना बाबांना घेऊन ये, कारण ते नेमकं कुठे होतं हे त्यांच्याशिवाय कुणालाच दिसणार नाही.

बाबा, तुमची; आणि दादा, अजून म्हणशील तर, तुझीच
मास्तरीण