तांब्यावरचं नाव

सांगली,
ता. १२ एप्रिल १९७३

चि. सौ. अंजना हिस शकुंतलाबाईंचे अनेक आशीर्वाद.

पत्र हरणीच तुला वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. इकडे सगळे बरे. कृष्णेला पाणी फार कमी. तुमच्या कवठ्यात तर टँकर येतो म्हणे? दुष्काळी कामावर खडी फोडायला जातेस तेव्हा डोक्याला ओलं फडकं बांधत जा.

किती वेळ फडक्यावरच बोलणार! तुझ्या लेकीवर चोरीची केस झाल्याची नोटीस तुला मिळेतो सुनावणी होऊनही गेली. नोटिशीत तक्रारदार म्हणून यांचं नाव आहे. पण तक्रार माझी होती.

त्या सकाळी आमचा पितळी तांब्या सापडत नव्हता. दुपारी भांड्यांच्या दुकानदारानं हरणीला हाताला धरून दारात आणलं. तिनं विकायला नेलेल्या तांब्यावर माझं नाव कोरलेलं. मी तोंडाची फटकळ, तू ओळखतेसच. "शाळेसाठी घरात ठेवून घेतलं, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजलेस?" म्हणाले. यांना चौकीत पाठवलं. पोर रिमांड होममध्ये गेली.

तिसऱ्या दिवशी शेजारची चारुलता आमचा तांब्या घेऊन आली. मी घरात नसताना त्यातून ताक नेलं होतं, रिकामं भांडं कसं परत द्यायचं म्हणून थांबली होती. त्यावर यांचं नाव. मी मांडणीवरचं एकेक भांडं हातात घेऊन पाहिलं, अंजना. घरातल्या प्रत्येक भांड्यावर यांचंच नाव आहे. माझं नाव फक्त आहेराच्या भांड्यांवर. तुझ्या लग्नात दिलेला तांब्या मीच विसरले होते.

हे म्हणाले, "आता माघार घेतली तर चारचौघांत हसं होईल." आणि मी पाच दिवस गप्प बसले. त्याला माझ्याकडे सबब नाही.

बालन्यायालय म्हणजे रिमांड होममधलीच एक खोली. टेबलामागे मॅजिस्ट्रेट. हरणीला विचारलं, तर म्हणाली, "चोरला न्हाई. आईनं दिलाय. का दिलाय त्ये सांगायचं न्हाई, आईनं शपथ घातलीया." आहेराचं भांडं विकायची पाळी आली हे मला कळू नये, म्हणूनच ना गं?

मग मला विचारलं, "तांब्या तुमचाच कशावरून?" पोलिसानं नावावर बोट ठेवलं.

"नाव माझं आहे, म्हणूनच तो माझा नाही," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. हे मागे चष्मा पुसत बसले.

"तिसऱ्या दिवशी कळलं, मग पोर आठ दिवस इथं का?" साहेबांनी विचारलं. आणि त्यांनी केस काढून टाकली.

घरी आल्यावर हरणी माझ्याशी बोलेना. काल आमटी ढवळत होते, तर जवळ येऊन म्हणाली, "बाई, मीठ इसरलासा." एवढंच. पण मला रडू आलं, आनंदानंच.

हरणी, इथं गाळू नकोस, मोठ्यानं वाच: चूक माझी होती. तुझी नव्हती, तुझ्या आईचीही नव्हती. जूनमध्ये शाळा उघडेल. यायचं की नाही ते तू ठरव, तुझा पाट मी मांडून ठेवीन.

अंजना, तांब्या हरणीबरोबर पाठवते आहे. माझ्या नावाखाली तुझं नाव घालून घेतलं आहे. आत गूळ आहे, रिकामा कसा द्यायचा? पुढेमागे विकावाच लागला तर खुशाल विक, आता कुणी हात धरणार नाही.

उत्तरात शिव्या आल्या तरी चालतील. फक्त त्या हरणीच्या अक्षरात येऊ देत.

तुम्हा दोघींची अपराधी,
शकुंतला