शनिवारपुरतं

डोंबिवली (पूर्व)
१६ जून २०२४

चि. ऋजुता हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल बिरड्यासाठी वाल सोलायला बसले आणि तू आठवलीस. पहिली-दुसरीत असशील. शाळेतून आलीस की कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर न बदलताच माझ्यासमोर ताटाशी बसायचीस आणि वाल चिमटीत दाबून डाळिंबी थेट विनीतच्या गृहपाठाच्या वहीवर उडवायचीस. तो मारायला उठला की तू माझ्या पदराआड. विशेष काही नव्हतं त्या दुपारींत, पण काल सगळे वाल सोलून होईपर्यंत मी तिथेच होते.

फोनवर बोलणं होत नाही. तुझ्याकडे अद्वय कान टवकारून असतो आणि इथे भिंतीपलीकडे मैथिली. म्हणून आपली पत्रंच बरी.

तू विचारलंस, मी अद्वयसाठी बाळकुमला तुझ्याकडे येऊन राहीन का. आठ दिवस मनात तेच घोळतंय. अगं, सान्वीची शाळा सुरू झाली. तिला बसला सोडायचं, आणायचं, भरवायचं, संध्याकाळी नाचाच्या क्लासला न्यायचं. विनीत आणि मैथिली दोघंही उशिरा येतात. विनीतला सहज म्हणून विचारलं, तर तो नुसता ताटाकडे बघत राहिला. मैथिली म्हणाली की आई, तुम्ही जाच, आम्ही करू काहीतरी. पण रात्रभर भांडी आपटत होती. मुलाचं घर टाकून मुलीकडे जाऊन राहायचं, हे मलाही नीट गळी उतरत नाही. तू समजून घेशील.

मात्र मी एक मार्ग काढला आहे. आत्ता विचारू नकोस. अद्वयला सांग, आजीने बिरडं केलं होतं आणि त्याचा वाटा मांजरीने खाल्ला. परवा फोनवर आज काय केलंस म्हणून माझी उलटतपासणी घेत होता.

माया आहेच, तू ती कमी समजू नकोस.
तुझी,
आई

ता. क. पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहून गेले. खोडलं आहे.

---

बाळकुम, ठाणे
२३ जून २०२४

ती. आईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. खोडलेलं ‘सौ.’ वॉचमननेही वाचलं असणार. असू दे, त्याला आमच्या घरचं बाकी सगळं माहीतच आहे.

बायजाबाईंचं घर बिल्डरने घेतलं आणि त्या कोलशेतला मुलाकडे गेल्या. त्या होत्या तोवर मला पाळणाघर हा शब्दच कधी वापरावा लागला नाही. उशीर झाला तर पोर त्यांच्या नातवंडांबरोबर भाकरी खाऊन झोपलेलं असायचं आणि जाताना त्या मलाच दोन घास खायला लावायच्या. आता सोसायटीतलं डेकेअर. तिथे एसी आहे, कॅमेरे आहेत आणि इंग्रजीतून ओरडणाऱ्या ताई आहेत. घरभाडं आणि ते डेकेअर यांतच माझा पगार संपतो, बाप म्हणून नयन देतो ते शाळेच्या बसपुरतं.

कॅमेऱ्यातलं मोबाइलवर दिसतं, ही त्यांची मोठी सोय. मला रोज काय दिसतं सांगू? सहा वाजले की अद्वय बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी बसतो. सातला ते बंद करतात. मी पोचेपर्यंत तो खाली वॉचमनच्या खुर्चीत असतो, कधी झोपलेला. आणि एकाआड एक शनिवारी माझं ऑफिस चालू, डेकेअर बंद. एकदा त्याला ऑफिसात नेलं. टेबलाखाली बसून चित्रं काढत होता, कुणाला त्रास नाही. तरी साहेबांनी मला बोलावून फार गोड शब्दांत विचारलं की घरी कुणीच नसतं का.

तू येऊ शकत नाहीस, ते समजलं. समजून घ्यायची मला सवय आहे. पण तू तेव्हा ताटाशी बसलेली असायचीस, कारण बाबा कमावत होते. माझ्याकडे ती दोन्ही माणसं मीच आहे.

मार्ग काय काढलास ते आधी सांग. तुझ्या मार्गांची मला भीती वाटते. कालपासून अद्वयची कल्याणची आजी अचानक फोन करून त्याच्याशी लाडात बोलते आहे.

विनीतदादा, वहिनीला नमस्कार, सान्वीला पापा. लोभ ठेव, वेळ नसला तरी चालेल.
ऋजुता

---

डोंबिवली (पूर्व)
८ जुलै २०२४

चि. ऋजुता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी सगळं वाच, मग राग. मी कल्याणला विहीणबाईंकडे जाऊन आले. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी नुसतं कानावर घातलं, म्हणून त्यांचे फोन सुरू झाले. गुरुवारी रीतसर गेले. ओल्या नारळाच्या करंज्या नेल्या होत्या. तुमची फारकत झाल्यावर कोण दार उघडेल याची धाकधूक होती, पण त्यांनी चहा, पोहे, विचारपूस, सगळं केलं. माणसं वाईट नाहीत गं.

मी फक्त शनिवारांचं मागितलं. तुला ऑफिस असेल त्या शनिवारी आणि मे महिन्यात अद्वयला त्यांनी ठेवून घ्यावं, एवढंच. शेवटी तो त्यांच्या घराण्याचा मुलगा, त्यांचंही काही कर्तव्य आहे. आता मुलीच्या आईने मागायला जायचं, तर मान खाली घालूनच बोलावं लागतं. मी म्हटलं, ‘आमच्या ऋजुताला एकटीला झेपत नाही हो. पोराची आबाळ होते. तुम्ही पदरात घ्या.’ विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

नयनरावही होते. मोबाइल बाजूला टीपॉयवर ठेवून, सगळं लक्ष देऊन ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी नीट बोलले. आबाळ होते म्हणजे नक्की काय होतं, ते पुन्हा पुन्हा विचारलं. मी बूट घालून बसण्याचं सांगितलं, वॉचमनच्या खुर्चीचं सांगितलं. बापाचं काळीज आहे, त्यालाही चटका बसला असणार. निघताना नयनराव माझ्या पायाशी वाकले. विहीणबाई म्हणाल्या, शनिवारच कशाला, आमचं घर कायम उघडं आहे.

बघ, गोडीने बोललं की माणसं गोडच वागतात. आम्हाला कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी हेच वळण लावलं होतं. आता तू ताठा सोड आणि त्यांना एक फोन कर.

तुझ्या रागातही मला जागा असू दे.
आई

---

बाळकुम
२ सप्टेंबर २०२४

आईस,
नमस्कार.

नयनने अद्वयचा ताबा मागितला आहे. अर्जासोबत तुझा आवाज जोडला आहे. टीपॉयवरचा तो मोबाइल चालू होता.

माझ्या वकीलबाईंनी मला ऐकवलं. आवाज स्वच्छ आहे. ‘आबाळ’ हा शब्द तू शाळेत एलोक्युशनच्या स्पर्धांत पदकं मिळवलीस तितक्या स्पष्टपणे उच्चारला आहेस. वकीलबाई म्हणाल्या की सासरच्यांनी असं म्हटलं असतं तर सोपं होतं, हे मुलीची सख्खी आई म्हणते आहे. मी त्यांना समजावत बसले की आमच्याकडे मुलीची बाजू असंच बोलते, लग्नात जेवण उत्तम असलं तरी गोड मानून घ्या म्हणतात, तसं. त्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, पण बुटांचं खरं आहे ना? खुर्चीचं खरं आहे ना?

खरं आहे.

मला एकच सांग. सान्वी आपली आणि अद्वय त्यांचा, हे तू कधी ठरवलंस? सान्वीसाठी तू त्या घरातून दोन दिवस हलू शकत नव्हतीस. अद्वयसाठी मात्र करंज्या तळून कल्याणला जायला तुला वेळ मिळाला. माझ्याकडे येण्यापेक्षा तुला त्यांच्याकडे जाणं सोपं वाटलं.

फोन करू नकोस. अद्वय ऐकतो.
ऋजुता

---

डोंबिवली (पूर्व)
७ सप्टेंबर २०२४

चि. ऋजुता,
आशीर्वाद.

काय लिहू? तुझं पत्र विनीतला वाचायला दिलं. तो शरमला. मैथिलीने दोन दिवसांत सान्वीसाठी बाई शोधली. समोरच्याच इमारतीतली आहे, चांगली आहे. जे जूनमध्ये होत नव्हतं ते दोन दिवसांत झालं, हे तू म्हणण्याआधी मीच लिहिते.

माझी बॅग भरून दाराशी आहे. मी येते, कायमची येते. कोर्टात उभी राहीन आणि सांगेन की ते बोलण्याची रीत म्हणून बोलले, माझी मुलगी वाघिणीसारखी पोर सांभाळते. विहीणबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, तुम्हीच पदरात घ्या म्हणालात, आम्ही घेतलं. आणि फोन ठेवला.

तू फक्त ये म्हण. नाही म्हणालीस तरी माया आटायची नाही, पण तू ये म्हण.
आई

---

बाळकुम
३० मार्च २०२५

ती. आईस,
सा. नमस्कार.

सहा महिने तुला पत्र लिहिलं नाही. तू आलीस, राहिलीस, अद्वयला रोज चारला बसमधून उतरवून घेतलंस, या सगळ्याबद्दल मी एकदाही काही बोलले नाही. एका घरात असून आपण मिठापुरतं बोलत होतो. गेल्या आठवड्यात तुझा रक्तदाब वाढला आणि विनीतदादा तुला डोंबिवलीला घेऊन गेला, म्हणून आता लिहिते. तू आल्यामुळे पोराला बरं वाटलं. कोर्टात मात्र उपयोग झाला नाही. समुपदेशक बाईंनी विचारलं की अर्ज येण्याआधी आजी कुठे होत्या, आणि तू खरं उत्तर दिलंस. तू कधी खोटं बोलत नाहीस, त्याचा मला फार त्रास झाला आहे.

शुक्रवारी मी समझोत्यावर सही केली. हरले म्हणून नाही. दर तारखेला रजा टाकावी लागते. साहेबांनी या वेळी गोड शब्द वापरले नाहीत. आणखी एक रजा म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर मुलगा कुठून? त्याला जवळ ठेवायला नोकरी हवी, आणि नोकरी ठेवायला त्याला द्यावं लागतं आहे. तिकडे आजी-आजोबा दोघंही दिवसभर घरात असतात आणि सांभाळायचे पैसे कुणी मागत नाही. तो सहा वाजता बूट काढून बसलेला असेल. मी एवढंच बघून सही केली.

नव्या शैक्षणिक वर्षापासून त्याची शाळा कल्याणची. सोमवार ते शुक्रवार तिकडे. मला शनिवार आणि रविवार मिळाले आहेत. शनिवारचं माझं ऑफिस तुला माहीतच आहे.

शाळा सुरू होण्याआधी त्याला रुळायला वेळ हवा, म्हणून ते पुढच्या सोमवारीच मागत आहेत. मला रजा नाही. तुझी तब्येत बरी असेल तर रविवारी इकडे ये आणि सोमवारी तूच त्याला घेऊन जा. विनीतदादाला गाडी काढायला सांग, तेवढं त्याच्याकडून व्हायला हरकत नाही.

कपड्यांची निळी बॅग विहीणबाईंच्या हातात दे आणि सांग की लोकरीचं काही घातलं तर त्याच्या अंगावर पुरळ येतं. दम्याचा पंप नयनच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि तो कसा द्यायचा ते त्याला तुझ्यासमोर करून दाखवायला लाव. मोबाइलवर टिपून घेईन म्हणाला तर नको म्हण. चित्रांच्या वह्या त्याच्या आजोबांना दे. ते पूर्वी त्याच्याशेजारी बसून रंगवायचे, कदाचित बसतील. सायकल सान्वीला. कल्याणच्या घरात ती चालवायला जागा नाही आणि इथे ती बघत मला राहता येणार नाही. बायजाबाईंना त्याचा शाळेतला फोटो कोलशेतला नेऊन दे. त्यांनी कधीचा मागितला आहे आणि मी दिला नाही. त्याची पांघरायची दुलई मात्र बॅगेत घालू नकोस, ती इथेच राहील. त्यांनी नवी घ्यावी.

दप्तर त्याच्या पाठीवरच असू दे, उचलून घेऊ नकोस. वाटेत तो तुला विचारेल की आई कधी येणार. तू काही सांगू नकोस. पोचल्यावर त्याला नयनसमोर उभा कर आणि तोच प्रश्न बापाला विचारायला सांग.

ऋजुता